मुलाणीबाईंचा तीन वाजताचा वर्ग

मुलाणीबाईंवर लिहायचा अधिकार माझा नाही, हे आधीच कबूल करतो. दिल्लीतल्या मराठी घरांमधली कितीतरी मुलं त्यांच्या हाताखाली शिकली. त्यांतली काही आज माझ्यापेक्षा पुष्कळ चांगलं लिहितात. मी तर त्यांचा विद्यार्थीसुद्धा नव्हतो. मी त्यांच्या कॉम्प्युटरच्या वायरी लावायचो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, त्यामुळे कागदावर कुणाबद्दल काही लिहायचं म्हटलं की मला अजून तहसीलदाराला अर्ज लिहिल्यासारखं होतं. पण ज्यांनी लिहायला हवं होतं त्यांनी अजून लिहिलेलं नाही, आणि माझ्या आठवणीतून काही गोष्टी निसटायला लागल्या आहेत. म्हणून धीर करतो. काही कमी-जास्त झालं तर तो दोष माझा.

परभणी जिल्ह्यातून मी स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीला गेलो, तेव्हा करोलबागेतल्या एका खोलीत आम्ही चौघं राहत होतो. रविवारी घरच्या चवीचं जेवण हवं म्हणून कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात जायचो. तिथल्या कॅन्टीनमध्ये एकदा एक वयस्क बाई थेट आमच्या टेबलाशी आल्या. फिक्या रंगाची साडी, खांद्यावर कापडी पिशवी, हातात वेबकॅमचा नवा खोका.

"तुमच्यापैकी कॉम्प्युटर कुणाला येतो? खरं खरं सांगा."

मित्रांनी माझ्याकडे बोट केलं. मी गावाकडे कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स केला होता, एवढंच.

"नाव काय?"

"प्रल्हाद."

"जेवण झालं की चल. नोएडाला जायचंय."

येतोस का, असं त्यांनी विचारलं नाही. पुढे दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही.

बसमध्ये त्यांचा चेहरा नीट पाहिला. तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तोंड धुताना चेहऱ्याची उजवी बाजू लुळी पडली ती पुरती सुधारली नव्हती. बोलताना ओठाच्या त्या कोपऱ्यावर पदराचं टोक धरायच्या. शब्द स्पष्ट होते, पण प्रत्येक शब्दाला थोडी मेहनत पडते आहे हे कळायचं.

बाई मूळच्या बार्शीच्या. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात टायपिस्ट होत्या, त्यांचे यजमान मुलाणीसाहेबही दुसऱ्या कार्यालयात. सरकारी क्वार्टरच्या व्हरांड्यात त्या दर रविवारी शेजारपाजारच्या मुलांना मराठी शिकवायच्या. तीस-तीस मुलं बसायची. मग नवे दिवस आले. कुणाच्या वडलांनी सरकारी नोकरी सोडून खाजगी कंपनी धरली, कुणी निवृत्त होऊन फ्लॅट घेतला. गुडगाव, गाझियाबाद, नोएडा, जिथे काल मोहरीची शेतं होती तिथे बारा-बारा मजले उभे राहिले आणि मराठी घरं त्यांत विखुरली. शेवटी एका रविवारी वर्गाला चार मुलं आली, त्यांतली दोन सख्खी भावंडं. त्यानंतर बाईही नोएडाला राहायला गेल्या.

"सगळे म्हणाले, चलो, आता आराम करा," त्या मला बसमध्ये म्हणाल्या. "मुलं लांब गेली, भाषा कुठं लांब गेली? आता घराघरात ब्रॉडबँड आलाय ना? मग तारेतनं शिकवू."

मी उत्साहात होतो. तीन दिवस खपून मी त्यांच्यासाठी रंगीत चित्रांची स्लाइड तयार केली. आंबा, हत्ती, पतंग, खाली मोठ्या अक्षरात नावं. बाईंनी ती शांतपणे पाहिली.

"छान आहे. पण ही पोरं आंबा हिंदीतही ओळखतात आणि इंग्रजीतही. तिसऱ्यांदा ओळखून काय करतील?"

मग त्यांनी टेबलावरचा वाकडी मान असलेला दिवा पुढे ओढला आणि सांगितलं, कॅमेरा ह्याच्या मानेला बांध, तोंड खाली. मी सुतळीने बांधला. पडद्यावर आता बाईंचे हात आणि टेबल, एवढंच दिसत होतं. मुलांनाही त्यांनी तसंच करायला लावलं. कुणी पुस्तकांच्या ढिगावर कॅमेरा ठेवला, कुणी खुर्चीच्या पाठीला अडकवला. नऊ घरांतून नऊ जोड्या हात पडद्यावर आले. कुणी मटार सोलत होतं, कुणी शाळेचा शर्ट घडी घालत होतं, कुणी पेन्सिलीला टोक करत होतं. हाताने जे चाललंय ते तोंडाने सांगायचं, हा सगळा अभ्यास.

"तोंड दिसलं की पोरगं आरशात बघितल्यासारखं लाजतं," बाई म्हणायच्या. "हात लाजत नाहीत."

मला हे पटलं होतं. अजूनही पटतं.

दुसरी त्यांची सवय म्हणजे वाट पाहणं. तेव्हा आवाज पोचायला वेळ लागायचा. प्रश्न विचारला की बाई पेनाचं टोपण टेबलावर पाच वेळा टेकवायच्या, अगदी सावकाश. तोपर्यंत दुसरं कुणी बोलायचं नाही. पालकांना वाटायचं लाइन तुटली. मीही सुरुवातीला दोनदा वायर काढून लावली. "हात काढ तिथनं," बाई म्हणाल्या. "शब्द वाटेत आहे. येऊ दे."

एकदा गुडगावचा वेदांत, दहा वर्षांचा, भेंडी चिरत होता. बाईंनी विचारलं, भेंडी चिरण्याआधी काय केलंस? पाच टोपणं झाली. सहाव्याला वेदांत म्हणाला, "भेंडी धुवून स्वच्छ फडक्यानं कोरडी करून घेतली."

बाईंनी टोपण खाली ठेवलं.

"वेदांत, बेटा, हे वाक्य तुझ्या मापाचं नाही. तिकडं अजून कोण आहे?"

मग लांबून आवाज आला. "मी आहे, बाई. त्याची आई."

"अच्छा, देशमुखवहिनी. काय करताय तिथं लपून?"

"लपून नाही हो. त्याला आठवत नव्हतं म्हणून हळूच..."

"या पुढं. हात दाखवा."

"मी कशाला, यार... सॉरी, बाई."

"या म्हटलं ना. अर्धी भेंडी तुम्ही चिरा. भांडण करा दोघं, पण मराठीत करा."

वहिनींचे बांगड्यांचे हात चौकटीत आले. पुढची दहा मिनिटं मायलेक खरंच भांडले, चकत्या जाड का केल्या ह्यावरून. बाई एक शब्द बोलल्या नाहीत. वर्ग संपल्यावर मला म्हणाल्या, "आज ते पोरगं पहिल्यांदा मराठीत चिडलं. आता ते शिकणार."

वर्ग रद्द हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. नोएडात वीज जायची आणि इन्व्हर्टर दमला की कॉम्प्युटरही जायचा. अशा वेळी मुलाणीसाहेब काही न बोलता टेलिफोनची लांब वायर बाईंपाशी आणून ठेवत आणि बाई एकेका मुलाला फोन लावून तोच धडा घेत. शेवटच्या मुलाचा नंबर येईपर्यंत दीड तास गेलेला असायचा. ते मूल तोपर्यंत कुठे जायचं नाही, कारण बाईंचा फोन येणार हे त्याला पक्कं ठाऊक असायचं.

आता सुनीताची गोष्ट सांगतो. तिच्यासाठीच मी हे लिहायला बसलो असेन, मला नक्की सांगता येत नाही.

वेदांतचे वडील मानेसरच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. तिथेच दत्ता गायकवाड नावाचा भोकरदनकडचा एक कंत्राटी कामगार होता. साहेब फोनवर मराठी वर्गाबद्दल बोलत होते ते त्याने ऐकलं आणि नंबर मागून घेतला. एका संध्याकाळी त्याचा बाईंना फोन आला. मी तिथेच होतो.

दत्ताचं कंत्राट उन्हाळ्याआधी संपणार होतं आणि पुढे मिळायची आशा नव्हती. आता गावी परतायचं होतं. त्याची बायको सुनीता हरियाणातल्या रेवाडीची. मराठीचा तिला गंध नव्हता. घरात दोघं हिंदीतच बोलायचे. गावातल्या अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघणार होती. गावची सून म्हणून सुनीता अर्ज करू शकत होती, शिकलेलीही होती. पण तालुक्याला तोंडी परीक्षा व्हायची, मराठीतून. दत्ताकडे शेती नव्हती. ती जागा मिळाली तर घर उभं राहणार होतं.

"बाई, माझ्या बायकोला शिकवाल का? लहान मुलांचा वर्ग आहे म्हणे तुमचा."

"तिला मराठी येतंय का?"

"नाही ना."

"मग ती लहानच आहे. पाठव."

"एक अडचण आहे, बाई." दत्ता अडखळला. "घरी कॉम्प्युटर नाही. गल्लीत सायबर कॅफे आहे, पण कॅफेवाला तिच्या मामाच्या गावचा. त्याचे वडील तिथंच बसलेले असतात. मोठ्या माणसांपुढं तिला पदर हनुवटीपर्यंत ओढून बसावं लागतं. ती तोंड दाखवणार नाही कॅमेऱ्याला."

बाईंनी पदराचं टोक ओठाच्या कोपऱ्यावर धरलं. "आमच्याकडं कुणीच दाखवत नाही," त्या म्हणाल्या.

कॅफेत सकाळी गर्दी असे. रविवारी दुपारी तीनला तेवढी शांतता मिळायची. बाईंनी सगळ्या वर्गाची वेळ सकाळची बदलून तीन केली. मी बसने गुडगावला आणि पुढे शेअर ऑटोने मानेसरला गेलो. प्लायवूडचा कप्पा, खाली-वर होणारी खुर्ची. कॅमेरा मॉनिटरला चिकटपट्टीने पक्का बसवलेला. मी पट्टी सोडवायला लागलो तसा कॅफेवाला आला. "भाई साहब, कैमरे को मत छेड़ो. क्या दिखाना है आपको?"

"हाथ," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. मागून त्याचे वडील म्हणाले, "दिखाने दे. हाथ में क्या है."

पहिल्या दिवशी सुनीता काही बोलली नाही. हात मांडीत गुंडाळून बसली. पडद्यावर रिकामं टेबल दिसत होतं. बाईंनी पाच टोपणं टेकवली, मग पुन्हा पाच. दुसऱ्या रविवारी ती पिशवीतून विणकाम घेऊन आली. रिकामे हात दाखवायला तिला संकोच वाटला असावा. सुया इतक्या झरझर चालायला लागल्या की सगळी मुलं आपापलं काम सोडून बघत बसली.

"लोकर कुठली गं?" बाईंनी विचारलं.

"पानिपत से... पानिपतची," पदराआडून आवाज आला.

"चला. पानिपताहून मराठी माणसाच्या हाती काहीतरी कामाचं आलं म्हणायचं."

पालकांपैकी कुणीतरी मागे हसलं. सुनीताला विनोद कळला नाही, पण बाई रागावलेल्या नाहीत एवढं कळलं. त्यापुढच्या रविवारी बाईंनी मुलांना लोकर आणि सुया घेऊन बसायला सांगितलं. "आज मी शिकवणार नाही. आज सुनीताकाकू शिकवणार. मराठीतनं."

मी त्या दिवशी मानेसरला तिच्या शेजारी होतो. टोपणं वाजली. मग ती म्हणाली, "धागा... बोटावर घ्या. असा. आता सुई आत." एवढ्यात वेदांत ओरडला, "काकू, माझा टाका पडला." ती पटकन म्हणाली, "पडला तर उचला, रडता कशाला?" बाईंची ही नेहमीची तऱ्हा तिने कधी उचलली होती कोण जाणे. नोएडाकडून टोपण टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "बिल्कुल बरोबर."

तक्रार त्यानंतर आली. देशमुखवहिनींनी फोन केला. तीन वाजता मुलांचा पोहण्याचा क्लास असतो. शिवाय लेव्हल जमत नाही. मोठ्या बाईमुळे मुलं मागे पडतायत. आणखी तीन घरांचं हेच म्हणणं आहे. वेळ पूर्ववत केली नाही तर नाइलाज आहे.

"वहिनी, मुलं शिकली नाहीत तर त्यांचं काय अडेल?" बाईंनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

"असं कसं, बाई, आपली भाषा..."

"ते खरंच. पण त्यांचं काही अडणार नाही. हिचं अडेल. वेळ तीनचीच राहील."

वर्गातली चार मुलं गेली. त्यांत वेदांतही होता. त्या दिवशी मी बाईंना पहिल्यांदा थकलेलं पाहिलं. हजेरीच्या वहीत त्या चार नावांवर त्यांनी रेघ मारली नाही. पुढच्या रविवारीही ती नावं पुकारली, पाच टोपणं थांबल्या आणि पुढे गेल्या. मला विचारायचा धीरच नव्हता.

मार्चमध्ये सुनीता पुष्कळ बोलायला लागली होती. बाई तालुक्याचे साहेब होऊन प्रश्न विचारायच्या. अंगणवाडीत किती मुलं येतात? खाऊ आधी कुणाला द्यायचा? मूल रडत असेल तर काय कराल? सुनीता सुया चालवत उत्तरं द्यायची, आणि चांगली द्यायची. मला वाटलं, झालं. बाईंना तसं वाटत नव्हतं.

"सुनीता," एका रविवारी त्या म्हणाल्या, "तिथं सुया नेऊ देणार नाहीत. आणि साहेब तुझ्या हातांकडं बघणार नाहीत. पुढच्या वेळी पदर वर घेऊन, समोर बघून बोलायचं."

त्यानंतर जी शांतता झाली तिला पाच टोपणं पुरली नाहीत.

"बाई, वो नहीं होगा."

"मराठीत सांग."

"ते नाही होणार, बाई."

पुढच्या रविवारी मी नोएडाला होतो. बाईंनी मला दिव्यावरची सुतळी सोडायला सांगितली. "कॅमेरा वर लाव. माझ्यासमोर."

मी सुतळी सोडली. मला तेव्हा समजायला हवं होतं, पण समजलं नाही. हातांचा नियम मुलांसाठी होता हे खरं. पण त्या आजारानंतर बाई लोकांत फारशा गेल्या नव्हत्या, आणि वर्गातल्या एकाही मुलाने त्यांचा चेहरा पाहिलेला नव्हता. मुलाणीसाहेब चहा घेऊन आले. त्यांनी कॅमेरा पाहिला, बाईंकडे पाहिलं. कप टेबलावर ठेवून ते बाईंच्या मागे उभे राहिले आणि त्यांच्या डोक्यावरून सरकलेला पदर नीट केला. मग स्वयंपाकघरात निघून गेले.

पडद्यावर बाईंचा चेहरा आला. ओढलेलं तोंड, एक डोळा थोडा मोठा. मुलांचे हात थांबले. इरा म्हणून सात वर्षांची एक मुलगी होती, गाझियाबादची. तिनेच विचारलं, "बाई, तुमचं तोंड असं का आहे?"

"एका बाजूनं दमलंय. दुसऱ्या बाजूनं बोलते," बाई म्हणाल्या. पदराचं टोक त्यांनी मांडीवर ठेवलं होतं. "हां, सुनीता. अंगणवाडीत मूल रडत असेल तर काय कराल?"

मानेसरच्या चौकटीत सुनीताचे हात होते. ते चौकटीतून गेले. मग कप्प्याचं प्लायवूड दिसलं, छताचा पंखा, पुन्हा प्लायवूड, आणि मग एक चेहरा. मी समजत होतो त्यापेक्षा ती खूपच लहान होती. पदर कपाळाच्या वर होता. मागे कॅफेवाल्याचे वडील बसलेले दिसत होते. त्यांनी खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड केलं.

"मी त्याला जवळ घेईन," सुनीता म्हणाली. "मग विचारीन, काय झालं."

"आणि त्यानं सांगितलं नाही तर?"

"तर थांबेन."

बाईंनी पुढचा प्रश्न विचारला. त्या दिवशी एकवीस प्रश्न झाले. मुलांनी मोजले.

एप्रिलमध्ये दत्ता आणि सुनीता गावी गेले. मे महिन्यात परीक्षा झाली आणि ती जागा सुनीताला मिळाली नाही. बाईंनी ते फोनवर ऐकून घेतलं. "पुन्हा निघेल जागा," एवढंच म्हणाल्या. त्या रविवारपासून तीनचा वर्ग संपला की त्या सुनीताला फोन लावायला लागल्या.

माझंही त्या वर्षी झालं नाही. वडलांचा निरोप आला आणि मी दिल्ली सोडायचं ठरवलं. बाईंना सांगायला गेलो तेव्हा वर्ग नुकताच संपला होता. त्या खिडकीपाशी टेलिफोन कानाला लावून उभ्या होत्या, लांब वायर सगळ्या खोलीतून आलेली. "नाही, असं नाही," त्या सांगत होत्या. "साहेबांनी मधेच अडवलं तर गप्प व्हायचं नाही. वाक्य पुरं करायचं." मला पाहून त्यांनी फोनवर हात ठेवला. माझं ऐकलं.

"गावाकडं काय करणार?"

"बघतो, बाई. शाळेत कुठे लागलं तर."

"लागेल. पण बघतो म्हणू नको. करतो म्हण." आणि त्या पुन्हा फोनवर बोलायला लागल्या. मी दारातून वळून पाहिलं तेव्हा त्यांची पाठ माझ्याकडे होती आणि मोकळा हात बोलण्याबरोबर हवेत हलत होता. हे मला झालेलं त्यांचं शेवटचं दर्शन.

पुढची दोन वर्षं मी बाईंना फार थोडे फोन केले. आधी नोकरी नव्हती म्हणून लाज वाटायची, मग नोकरी लागली आणि वेळ नाही असं स्वतःला सांगत राहिलो. ह्याला क्षमा नाही.

गेल्या वर्षी एका बुधवारी, शाळेची मधली सुट्टी चालू असताना, अनोळखी नंबरवरून फोन आला. एक बाई अगदी भोकरदनकडच्या बोलीत बोलत होती. कोण बोलतंय, असं मी विचारलं.

"दादा, मी सुनीता. मानेसरची. ओळखलं नाही का?"

मी खरंच ओळखलं नव्हतं. तिने सांगितलं की दुसऱ्या खेपेला तिची निवड झाली, आता दीड वर्ष होईल. मागे लहान मुलांचा गलका ऐकू येत होता. मग ती थांबली. बराच वेळ थांबली. मीही थांबलो.

"दादा, आपल्या बाई रविवारी सकाळी गेल्या. झोपेतच. दुपारी फोन आला नाही म्हणून मी लावला, तर मुलाणीसाहेबांनी उचलला. साहेब म्हणाले, प्रल्हादला तू कळव."

रविवारी गेल्या आणि आज बुधवार, एवढंच माझ्या तोंडून निघालं. मला तिला दोष द्यायचा नव्हता.

"हो दादा, उशीर झाला," ती म्हणाली. "बाईंनी सगळं शिकवलं, पण ही बातमी कशी सांगायची ते शिकवलं नव्हतं. हिंदीत सांगितली असती तर तेव्हाच सांगून झाली असती."